तीन घरांचा पाहुणा

युरोपच्या उत्तर भागातील तळ्यांत आणि संथ ओढ्यांत स्टिकलबॅक नावाचा एक चिमुकला मासा राहतो. त्याची लांबी जेमतेम करंगळीएवढी असते. पण पाठीवर तीन तीक्ष्ण काटे असतात. ते उभारले म्हणजे मोठे मासेही सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. स्वभावाने तो मोठा सावध. पाण्यावर बगळ्याची सावली पडताच तो तळाशी पळतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही.

परंतु यांपैकी काही मासे विलक्षण वागतात. त्यांचे पोट टम्म फुगलेले असते व चाल मंदावलेली असते. सोबत्यांना सोडून ते पाण्याच्या पृष्ठभागाजवळ रेंगाळतात. बगळ्याची चोच जवळ येऊन गेली, तरी थोड्याच वेळात पुन्हा तेथेच येऊन चरू लागतात. अशा माशाचे पोट चिरून पाहिले, तर आत पांढरट, चपटे, फितीसारखे कृमी आढळतात. कधी एक, तर कधी अनेक. क्वचित त्यांचे वजन खुद्द माशाच्या वजनाइतके भरते! चाळीस किलो वजनाच्या मुलाने चाळीस किलोंचे ओझे पोटात वागवावे, तसाच हा प्रकार होय. दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच अन्नावर वाढणाऱ्या अशा जीवास परोपजीवी म्हणतात.

हे कृमी येतात तरी कोठून? अठराव्या शतकात हा मोठ्या वादाचा प्रश्न होता. ते प्राण्याच्या शरीरातच आपोआप उत्पन्न होतात, असे अनेक विद्वानांना वाटे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे पेटर क्रिस्टियन आबिल्डगार्ड नावाचे पशुवैद्य होते. तेथील पशुवैद्यक विद्यालय त्यांनीच १७७३ मध्ये स्थापन केले होते. मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या आतड्यांतील कृमी आणि स्टिकलबॅकच्या पोटातील कृमी यांतील साम्य त्यांच्या ध्यानी आले. पण नुसता तर्क करून ते स्वस्थ बसले नाहीत. कृमी असलेले मासे त्यांनी बदकांना खाऊ घातले आणि नंतर बदकांची आतडी तपासली. कृमी तेथे जिवंत होते! हा शोध त्यांनी १७९० मध्ये प्रसिद्ध केला. वादविवादाने न सुटणारी गाठ बदकांनी सोडविली, असेच म्हणावयाचे!

या कृमीचा सारा प्रवास पुढे हळूहळू उलगडला. पक्ष्याच्या विष्ठेबरोबर त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून एक सूक्ष्म, केसाळ जीव बाहेर येऊन पोहू लागतो. त्याचे आयुष्य अगदी थोडे. तेवढ्यात सायक्लॉप्ससारख्या एखाद्या जलजीवाने त्याला गिळले, तरच तो वाचतो. सायक्लॉप्स हा एकाच डोळ्याचा, टाचणीच्या डोक्याएवढा किंवा त्याहूनही लहान प्राणी. आपल्या आजोबा-आजींना त्याची ओळख निराळ्या कारणाने असावयाची. नारूचा कृमी पायऱ्यांच्या विहिरींतील याच सायक्लॉप्समधून माणसाच्या पोटात शिरत असे. म्हणून गावोगाव पाणी दाट फडक्याने गाळून पिण्यास सांगत. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त ठरविला.

असो. स्टिकलबॅकने तो सायक्लॉप्स खाल्ला म्हणजे आपला कृमी माशाच्या आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत जातो. तेथे तो केवळ वाढतो. अंडी मात्र घालीत नाही. कृमी लहान असेपर्यंत मासा नेहमीसारखाच भित्रा असतो. कृमी पुरेसा मोठा झाला की त्याचा भित्रेपणा लोपतो. ही कृमीचीच करामत, की पोटातील वाटेकऱ्यामुळे सदा उपाशी राहणाऱ्या माशाचा नाइलाज? शास्त्रज्ञ त्याचा अजून शोध घेत आहेत. दोन्ही कारणे असतील, असे मला वाटते. काही असो, पक्ष्याला तो मासा आयताच सापडतो.

आता कृमीला हवी असते ती ऊब. माशाचे शरीर पाण्याइतकेच थंड. पक्ष्याचे मात्र सुमारे चाळीस अंश सेल्सिअस उष्ण. जे. डी. स्माइथ या शास्त्रज्ञांनी माशांतून काढलेले कृमी पोषक द्रवात घालून तेवढ्याच उष्णतेत ठेवले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, पक्षी नसतानाही, ते काही दिवसांतच प्रौढ झाले व त्यांच्यात अंडी तयार झाली. माशाच्या पोटात दीर्घकाळ राहिलेला हा पाहुणा पक्ष्याच्या आतड्यात फार तर आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्या अवधीत तो हजारो अंडी घालतो. पक्षी एका तळ्यावर मासा गिळतो आणि उडून दुसऱ्याच तळ्यावर उतरतो. त्याच्याबरोबर ती अंडीही तेथे जाऊन पडतात.