अंबाडीची बोंडे: प्यायची की खायची?

हिबिस्कस टी म्हणून चकचकीत पाकिटात मिळणारा लालभडक चहा सहसा देवपूजेतल्या जास्वंदीचा नसतो, तिच्याच कुळातल्या लाल अंबाडीचा असतो. अंबाडीचे फूल एका दिवसात कोमेजते. त्याखालचा निदलपुंज मात्र फुगत जाऊन मांसल, आंबट आणि गर्द लाल होतो. तेच बोंड. आतली हिरवी बीजकोषाची गाठ ढकलून काढायची आणि उरलेल्या लाल पाकळ्या वाळवायच्या. सुदान-इजिप्तमध्ये त्यांचे करकदे होते, सेनेगलमध्ये बिसाप, जमैकात नाताळला आले घातलेले सॉरेल आणि आपल्या विदर्भात अंबाडीचे सरबत. या पेयाला आता ‘रक्तवर्धक’, ‘क जीवनसत्त्वाचा खजिना’ अशी विशेषणे चिकटू लागली आहेत. ती टिकणारी नाहीत, आणि त्यांच्यामुळे बोंडाचे खरे गुण झाकले जातात.

अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्यात 100 ग्रॅम ताज्या बोंडांत कॅल्शियम 215 मिलिग्रॅम, लोह सुमारे दीड मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व 12 मिलिग्रॅम दिले आहे. कॅल्शियमचा आकडा चांगलाच आहे. क जीवनसत्त्व मात्र पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर असते, आणि बोंडांतले आहे तेही वाळवताना व उकळताना घटते. शिवाय हा हिशेब अख्खे बोंड खाण्याचा आहे. कपभर चहाला 2 ग्रॅम सुक्या पाकळ्या लागतात असे धरले, तर ताज्या बोंडांच्या भाषेत ते जेमतेम 15 ग्रॅम होते. त्यातले सगळे लोह पाण्यात उतरले असे मानले तरी ते पाव मिलिग्रॅमही भरत नाही. लाल रंगावरून रक्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण तो रंग अँथोसायनिनचा. सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तोच लाल रंग निळसर होतो. लोहाचा तिथे काही संबंध नाही.

मग पेयात उरते काय? हीच अँथोसायनिने आणि आंबटपणा देणारी सेंद्रिय आम्ले. त्यांचे मोल कमी नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, रक्तदाब थोडा वाढलेल्या 65 जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला. नकली पेय घेणाऱ्यांचा 1.3 अंकांनी. मग गोळीऐवजी चहा का नको, असे कोणी विचारील. कारण चाचणी लहान होती आणि लोक सौम्य त्रासाचे होते. शिवाय ज्या पेयाचा शरीरावर परिणाम होतो, ते औषधांच्या कामातही ढवळाढवळ करू शकते: करकदेसोबत घेतलेले क्लोरोक्विन रक्तात कमी उतरते, असे सुदानमध्येच आढळले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पेय रोज घेऊ नये, गरोदरपणी तर टाळावेच. आणि आंबटपणा मारायला पेल्यात चार-पाच चमचे साखर ओतली, तर आरोग्याची भाषाच सोडून द्यावी.

पोषणासाठी बोंड खावे लागते, आणि हे जुन्या स्वयंपाकघरांना ठाऊक होते. विदर्भात त्याची चटणी आणि जॅम होतो. जॅम छान धरतो, कारण बोंडात पेक्टिन असते. गाळलेल्या पाण्यात हे पेक्टिन आणि तंतू फारसे येत नाहीत. मेक्सिकोत तर पेय काढून झाल्यावर उरलेल्या पाकळ्या कांद्यासोबत परतून टाकोत भरतात. इतके आंबट कोण खाणार, हा आक्षेप महाराष्ट्रात तरी टिकू नये. अंबाडीच्या पाल्यात ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या शिजवून, वर लसणाची सढळ फोडणी देऊन आपण तो आंबटपणा पिढ्यान्‌पिढ्या ताटात मुरवला आहे. तेव्हा यंदा सरबत कराल तेव्हा चोथा फेकू नका. लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि थोडा गूळ घालून त्याची चटणी वाटा.