वाटीभर उसनी वीज

पेट्रोल संपून गाडी अडली की मुंबईत एक जुना इलाज होता. मागून येणाऱ्या टॅक्सीला हात करायचा, रबरी नळीचे एक टोक तिच्या टाकीत सोडायचे, दुसरे तोंडात धरून जोरात ओढ घ्यायची आणि पेट्रोल जिभेला लागायच्या आत नळी बाटलीत घालायची. ही वेळ साधणे सगळ्यांना जमत नसे. न जमणारा पुढचा तासभर थुंकत राही. पण गाडी चालू होई आणि काम पाच मिनिटांत उरके.

आता समजा, रे रोडवर अडलेली गाडी विजेवरची आहे. दारूखान्याच्या बाजूने येता येता स्टेशनजवळ तिने मान टाकली. एकीकडे लोखंडाचे गाळे, दुसरीकडे लाकडाच्या वखारी, मागे ट्रकच्या हॉर्नचा कल्लोळ. पडद्यावर बॅटरीचा आकडा शून्य. तेवढ्यात विजेवरचीच दुसरी गाडी शेजारी येऊन थांबते. चालक भला माणूस आहे, त्याच्या बॅटरीत ऐंशी टक्के वीज आहे आणि त्यातली थोडी द्यायला त्याची ना नाही. प्रश्न एवढाच, की नळी कुठे लावायची?

काही वर्षांपूर्वी याचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे होते. आज ते ‘गाडी कोणती आहे त्यावर अवलंबून’ असे आहे.

सर्वांत आधी डोक्यात येते ती जंप स्टार्टची जाड वायर. एका गाडीच्या बॅटरीचे लाल-काळे चिमटे दुसरीला लावायचे, की झाले. पण ती वायर बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीसाठी असते. विजेवरच्या गाडीची मुख्य बॅटरी तळाशी, सीलबंद पेटीत असते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी सुमारे ३२० व्होल्टची होती. ह्युंदाई आयोनिक ५ तर ८०० व्होल्टच्या वर्गातली. अशा दोन बॅटऱ्या थेट जोडणे म्हणजे गच्चीवरची भरलेली टाकी आणि तळमजल्यावरची रिकामी टाकी मधल्या नळाला चावी न लावता जोडणे. पाणी खाली येईल खरे, पण पाइप फोडून. विजेच्या बाबतीत ‘फोडून’चा अर्थ ठिणगी, वितळलेली तार आणि आग.

म्हणूनच ही पेटी कुणालाही उघडता येऊ नये अशी बांधलेली असते. आत कॉन्टॅक्टर नावाचे मोठे स्विच असतात. गाडीच्या संगणकाने सारे आलबेल असल्याची खात्री केल्याशिवाय ते मिटत नाहीत आणि ते मिटल्याशिवाय पेटीतली वीज बाहेर पडत नाही. बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या जाड नारिंगी तारा याच उच्च दाबाच्या. त्यांना हात लावायचा नाही हे मेकॅनिकही पहिल्या दिवशी शिकतो.

मग वीज निघते कशी? तर आडवाटेने. काही नव्या गाड्यांमध्ये चार्जर दुहेरी असतो. घरची वीज घेऊन तो बॅटरी भरतो आणि वेळ पडली तर बॅटरीतल्या विजेतून घरच्यासारखीच २३० व्होल्टची वीज करून बाहेर देतो. चार्जिंगच्या तोंडाला एक अडॅप्टर लावला की त्यावर मिक्सर, पंखा, लॅपटॉप काहीही चालते. या सोयीला ‘व्ही-टू-एल’ म्हणतात, म्हणजे गाडीतून उपकरणाला वीज. अडलेली गाडी हेही एक उपकरणच. तिच्या डिकीत पंधरा अँपियरच्या प्लगाची, मधे डबी असलेली चार्जिंग केबल असते. प्लग देणाऱ्या गाडीच्या अडॅप्टरला, दुसरे टोक घेणाऱ्या गाडीच्या तोंडाला. देणारीला वाटते आपण गीझर चालवतो आहोत, घेणारीला वाटते आपण घरच्या पार्किंगमध्ये उभे आहोत.

यात विजेला दोनदा वेष बदलावा लागतो. बॅटरीतली एकदिश वीज आधी प्रत्यावर्ती होते आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा एकदिश. प्रत्येक बदलात थोडी उष्णता बनून उडून जाते, तेव्हा देणाऱ्याने दहा दिले तर घेणाऱ्याच्या पदरात साधारण आठ पडतात.

आणि ही वाट अरुंद आहे. बहुतेक गाड्यांचे व्ही-टू-एल ३.३ ते ३.६ केव्हीएपर्यंत वीज देते. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर तासाला तीन युनिटे; त्यातली अडीच घेणाऱ्या बॅटरीत उतरतात. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे अर्धा तास वायर लावून ठेवली की सुमारे आठ किलोमीटरची बेगमी होते. रे रोडवरून लालबाग, परळ ओलांडून दादरला पोचायला एवढी पुरते.

पेट्रोलच्या नळीशी तुलना केली तर हा वेग हास्यास्पद वाटतो. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटे ऊर्जा असते. मिनिटाला एक लिटर वाहणारी ती साधी रबरी नळी ताशी ५४० युनिटांच्या वेगाने ऊर्जा वाहून नेत होती. इंजिन त्यातला मोठा हिस्सा उष्णता करून वाया घालवत असे ही गोष्ट वेगळी. पण टाकी ओतण्यात जी सहजता होती ती विजेच्या वायरीत नाही.

म्हणूनच या व्यवहाराला ‘चार्जिंग’पेक्षा ‘उसनवारी’ हा शब्द जास्त शोभतो. गिरगाव-लालबागच्या चाळीत शेजारी वाटी घेऊन साखर मागायला यायचे ते महिन्याचे सामान भरायला नव्हे. पाहुणे दारात आहेत, चहा अडला आहे, दुकान उघडेपर्यंत निभावून न्यायचे आहे, एवढ्यापुरते. अडलेल्या गाडीलाही पुढच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत निभावायचे असते. दक्षिण आणि मध्य मुंबईत ते अंतर थोडे, त्यामुळे वाटी पुरते.

पण हीच गाडी दोन स्टेशने पुढे, शिवडीला अटल सेतूच्या तोंडाशी असती तर? १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटरचा, त्यातला १६.५ किलोमीटरचा भाग समुद्रावरचा. चारचाकीला तिथे ताशी शंभर किलोमीटरची मुभा आहे आणि वेगाबरोबर विजेची भूकही वाढते. किलोमीटरला जरा जास्त वीज धरली तर पूल ओलांडायला साडेतीन युनिटे तरी हवीत. उसन्या वायरीवर तेवढी जमवायला जवळजवळ दीड तास. ३० किलोवॉटच्या जलद चार्जरवर तेच काम सात-आठ मिनिटांचे. पुलावर मधेच गाडी उभी करायची सोय नाही, तेव्हा हा हिशेब शिवडीच्या अलीकडेच केलेला बरा.

भारतातल्या गाडी बनवणाऱ्यांना ग्राहकाची ही धास्ती सुरुवातीपासून ठाऊक होती. मार्च २०१३ मध्ये आलेल्या महिंद्रा ई-टू-ओ या इवल्याशा गाडीत एक गमतीदार सोय होती. बॅटरी संपली की फोन करायचा. कंपनी दुरूनच बॅटरीतला राखीव साठा मोकळा करी आणि गाडी आठ-दहा किलोमीटर पुढे जाई. म्हणजे आपल्याच डब्यात लपवून ठेवलेली साखर, पण झाकण उघडायचा अधिकार दुसऱ्याकडे.

जुलै २०१९ मध्ये ह्युंदाईने कोना इलेक्ट्रिक आणली. एका चार्जमध्ये ४५२ किलोमीटर जाण्याचे प्रमाणपत्र असलेल्या या गाडीच्या मालकांनाही मधे अडकण्याची भीती वाटत होतीच. मग कंपनीने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू या चार शहरांत एक सेवा जाहीर केली. अडलेल्या कोनाला दुसऱ्या वाहनातून वीज देणारे पथक रस्त्यावर येणार होते. पाठोपाठ जानेवारी २०२० मध्ये आलेल्या एमजी झेडएस ईव्हीच्या वेळी, मुंबईसह पाच शहरांत फिरत्या चार्जिंगची मदत देण्याचे आश्वासन होते. या दोन्ही ठिकाणी उसनी वीज देणारा शेजारी नव्हता, कंपनीचा माणूस होता.

पुढे शेजाऱ्याच्या हातीही ही ताकद येत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्ही नव्या रूपात आणली. उपकरणाला वीज देण्याबरोबरच ‘व्ही-टू-व्ही’, म्हणजे गाडीतून गाडीला वीज, ही सोय तिच्यात होती. जून २०२५ मधल्या हॅरियर ईव्हीत उपकरणांसाठी ३.३ आणि दुसऱ्या गाडीसाठी ५ केव्हीएपर्यंतची मर्यादा आहे. वाटीच्या जागी तांब्या आला म्हणायचे. देणाऱ्याच्या मनातली भीतीही ध्यानात घेतली जाते. बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की वीज देणे आपोआप थांबावे अशी मर्यादा अनेक गाड्यांमध्ये ठरवता येते. नाहीतर एकाच्या जागी दोन गाड्या रस्त्यात.

कागदावर सोपे असलेले हे काम प्रत्यक्षात अडते ते तीन ठिकाणी. पहिले, व्ही-टू-एलचा अडॅप्टर देणाऱ्याच्या घरी कपाटात राहिलेला असतो. दुसरे, चार्जिंग केबलवरची डबी आधी अर्थिंग तपासते. गाडीतून येणाऱ्या विजेत ते तिच्या मनासारखे नसले की ती लाल दिवा लावून ठप्प बसते. तिसरे, अंतर पुरत नाही म्हणून कुणी तरी पानाच्या गादीवरून एक्स्टेन्शन बोर्ड आणतो. तासभर तेरा-चौदा अँपियर वाहून न्यायची त्या बारीक वायरीची कुवत नसते. गुंडाळलेली असेल तर ती आधी गरम होते, मग मऊ आणि मग तिचा वास येतो.

अनेकदा तर मुख्य बॅटरी रिकामी नसतेच. विजेवरच्या गाडीतही जुनी ओळखीची बारा व्होल्टची बॅटरी असते. दाराचे कुलूप, पडदा, संगणक आणि ते कॉन्टॅक्टर तिच्यावर चालतात. ती मेली तर खाली तीस-चाळीस युनिटे भरलेली असूनही गाडी निपचित पडते. कोठीत धान्य भरपूर, पण किल्ली हरवलेली. इथे मात्र जंप स्टार्टची वायर किंवा खिशात मावणारा बूस्टर कामाला येतो. माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या टोकांना दुसऱ्या गाडीचे बारा व्होल्ट द्यायचे, संगणक जागा झाला की बाकीचे तो पाहतो. त्यामुळे मदतीला आलेल्याने आधी विचारायचा प्रश्न ‘किती टक्के होते?’ हाच. ‘साठ होते, अचानक सगळे बंद पडले,’ असे उत्तर आले तर व्ही-टू-एलच्या वायरीची गरज नाही.

एक मोह मात्र टाळायचा, तो दोरी बांधून ओढण्याचा. विजेवरच्या गाडीत चाके फिरली की मोटर फिरते, आणि फिरणारी मोटर वीज निर्माण करते. काही हौशी लोक यालाच युक्ती समजून गाडी ओढून बॅटरी भरू पाहतात. माहितीपुस्तिका मात्र बजावून सांगतात, की चालती चाके जमिनीवर ठेवून ओढू नका, गाडी सपाट पाटाच्या टोइंग ट्रकवर चढवा. रे रोडसारख्या ट्रकांनी गजबजलेल्या रस्त्यावर तो पाट येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात उसनवारी आटोपूनही जाऊ शकते.

दुचाकीवाल्यांचे बरे आहे. त्यांच्यातल्या काहींनी नळीचा प्रश्नच निकालात काढला. होंडाच्या अ‍ॅक्टिव्हा ई मध्ये दीड-दीड युनिटाच्या दोन बॅटऱ्या असतात. डबा उचलावा तशा त्या काढून केंद्रावर भरलेल्या घ्यायच्या. चारचाकीची बॅटरी काही क्विंटलांची, ती हातात धरून कोण देणार?

गाडीने गाडीला वीज देणे ही कल्पना रे रोडला मात्र अगदी अनोळखी नाही. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाच्या या स्टेशनापर्यंत १९१० मध्ये कुर्ल्याहून हार्बर मार्ग आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला निघाली ती याच मार्गाने, १५०० व्होल्टच्या तारेखालून. पुढे बोरघाटात आणि कसाऱ्याच्या घाटात धावलेल्या ‘खेकडा’ इंजिनांमध्ये उतारावर ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडायची सोय होती. घाट उतरणारी मालगाडी त्याच तारेखाली घाट चढणारीला हातभार लावू शके.

२००७ पासून मुंबईत धावू लागलेल्या नव्या लोकलही तेच करतात. ब्रेक लागला की मोटर जनित्र होते, वीज पेंटोग्राफमधून तारेत चढते आणि जवळपास वेग घेणारी दुसरी लोकल ती वापरते. तिथे अडॅप्टर लागत नाही, अर्थिंगची कुरकुर नाही, कुणी कुणाला विचारत नाही. पनवेल लोकल रे रोडला थांबायला येते, कॉटन ग्रीनहून सुटलेली गाडी वेग धरते, आणि दोघींमधला व्यवहार काही सेकंदांत डोक्यावरच्या तारेत उरकतो. खाली रस्त्यावर वायर लावून उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे अजून एक युनिट बाकी असते.