कोरावरची पोरं

गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की नजर थेट समोरच्या सोनेरी वेदीवर जाते. फोटोही तिचेच निघतात. पण चार पावलं पुढं जाऊन मागं वळून पाहावं. मुख्य दाराच्या वर, बाकांवर बसलेल्या भक्तांच्या पाठीमागं, एक सज्जा असतो. गोव्यात त्याला ‘कोर’ म्हणतात. गावातल्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या या कोरावरून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, गायली. खाली बसलेल्या आईबापांना ती ऐकू यायची, दिसायची नाहीत. आपला पोरगा गातोय हे आईला आवाजावरून ओळखावं लागे.

आता मुलांचा रविवार म्हणजे वेदीशेजारी पांढऱ्या पंखांचे देवदूत, रेकॉर्डवर बसवलेला नाच आणि समोर उंचावलेले मोबाईल. मुलं गोड दिसतात यात वाद नाही. पण ती उपासना करत असतात की उपासनेची सजावट होत असतात? कोरावरच्या पोरांकडं पाहिलं की हा प्रश्न टोचायला लागतो. ती पोरं सूर चुकली असती तर मिस्साच अडली असती.

ही गोष्ट गाण्यापासूनच सुरू होते. मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे, पोरं गोळा करी आणि धर्मतत्त्वं त्यांच्याकडून चालीवर गाऊन घेई. गाऊन पाठ झालेलं विसरत नाही आणि पोरगं ते घरी जाऊनही गुणगुणतं, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. त्याची ‘दोत्रीना’, म्हणजे या धर्मतत्त्वांची पोथी, गोव्याच्या छापखान्यात १५५७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, छापली गेली. भारतात पहिला छापखाना आला त्याच्या पुढच्याच वर्षी छापलेलं हे पुस्तक.

याची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तमिळ किनाऱ्यावरच्या कामाबद्दल झेवियरनं जानेवारी १५४४ मध्ये लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मुलं प्रार्थना शिकायला इतकी आतुर की आपल्याला जेवू-झोपू देत नाहीत, असं तो कौतुकानं सांगतो. मुलं घरच्यांच्या मूर्तिपूजेची बातमी आणतात आणि मूर्ती फोडतात, हेही तो त्याच कौतुकानं सांगतो. पुढं १५५९ मध्ये गोव्यातल्या अनाथ हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करून बाप्तिस्मा देण्याचा हुकूम निघाला. तिथल्या गायकवृंदात उभं राहिलेलं प्रत्येक पोरगं आपखुशीनं आलं होतं असं कोणी समजू नये. गळ्यात नवं गाणं आलं, तेव्हा आजीच्या तोंडचं जुनं गाणं बंद झालं होतं.

ही उणीव धर्मप्रसारकांनाही जाणवली असावी, याचा पुरावा मराठीतच आहे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी थॉमस स्टीफन्स प्रसंग सांगतो: साष्टीतल्या एका चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे आणि एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर म्हणून १६१६ मध्ये राचोलला ११,००० च्या आसपास ओव्या छापल्या गेल्या. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याला कळलं की नुसत्या प्रश्नोत्तरांवर माणूस जगत नाही, त्याला कथा लागते आणि ती गाता यावी लागते. पोरांसाठी प्रश्नोत्तरांचं पुस्तकही त्यानं रचलंच. गुरुशिष्यसंवादाच्या रूपातली ती कोंकणी ‘दोतोर्न’ १६२२ मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी, बाहेर आली.

पण मुलांना खऱ्या अर्थानं उपासनेत आणलं ते ग्रंथांनी नव्हे, मेस्त्रीनं. पोर्तुगीजांचा ‘मेस्त्रे कापेला’, गावच्या बोलीतला मेस्त्री. चर्चला लागून शाळा असे, तिथं तो अक्षरं, दोतोर्न आणि संगीत शिकवी. आधी सोल्फा: स्वरलिपी वाचायची, हातानं ताल धरायचा, सा-रे-ग-मच्या जागी दो-रे-मी म्हणायचं. ते साधल्यावर हातात रेबेक यायचं. रेबेक म्हणजे आपलं व्हायोलिन. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला, आणि तो गेलेला सूर साऱ्या चर्चला ऐकू जायचा. आठ-नऊ वर्षांच्या पोरावर गावानं एवढी जबाबदारी टाकलेली दुसरी कामं शोधायची तर शेतात किंवा होडीवरच जावं लागेल.

काम चर्चपुरतंही नव्हतं. घरोघरच्या लादाइनींना, म्हणजे मारियामातेच्या स्तुतिगानाला, मेस्त्री रेबेक घेऊन जायचा आणि शिकाऊ पोरं मागोमाग. उपासकाळात मोतेत, म्हणजे अनेक आवाजांतली भक्तिगीतं, गायची, सणाला बँड. या सगळ्याचा पैसा बराचसा गावकरीतून, गावाच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून येई. शेत पिकलं तर सूर पिकला, इतका सरळ व्यवहार.

या व्यवहाराचं व्याज पुढं मुंबईनं खाल्लं. बोलपटांना वाद्यवृंद लागू लागले तेव्हा कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवणारी माणसं हवी होती. ती गोव्याच्या कोरांवर तयार होऊन बसली होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतले एक. वडील गावच्या चर्चचे कोरमास्तर, शिक्षण घरातच. मुंबईत ते नामांकित व्हायोलिनवादक आणि संयोजक झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते गुरूला शिष्याचा नमस्कार म्हणून. तो पडद्यावरचा अंड्यातून निघालेला अँथनी पाहून हसताना माजोर्ड्याचा कोर कोणाला आठवणार!

आता मुलींचं. दहावा पायस या पोपनं २२ नोव्हेंबर १९०३ रोजी चर्चसंगीतावर एक फर्मान काढलं. त्यातला युक्तिवाद मोठा चमत्कारिक आहे. चर्चमध्ये गाणं हे उपासनेतलं खरंखुरं पद आहे, असं त्यानं ठासून सांगितलं. वाचताना वाटतं, व्वा, कोरावरच्या पोरांना न्याय मिळाला. पुढच्याच दमात तो म्हणतो, पद असल्यामुळं स्त्रियांना ते देता येत नाही, वरच्या पट्टीचे आवाज हवेत तर मुलगे घ्या. मान वाढला आणि दार बंद झालं, दोन्ही एकाच वाक्यात. ही बंदी हळूहळू सैल झाली, वेदीसेवेला मुलींना परवानगी मिळायला तर १९९४ उजाडलं. गोव्यात उपासकाळातल्या मिरवणुकीत व्हेरोनिका होणारी मुलगी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती उंचावर उभी राहते, ख्रिस्ताचा चेहरा उमटलेलं कापड हळूहळू उलगडते आणि साथीशिवाय लॅटिनमधून विलाप गाते. अख्खी मिरवणूक तिच्यासाठी थांबते. तिला कोणी ‘किती गोड’ म्हणत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडलं. कोरावरून लॅटिन उतरलं, कोंकणी आणि मराठी चढली. पोरांना आपण काय गातोय ते प्रथमच नीट कळू लागलं, हा लाभ लहान नाही. त्यापाठोपाठ १ नोव्हेंबर १९७३ ला रोमनं मुलांच्या मिस्सासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ती कोरड्या नियमांची असेल या समजुतीनं मी हातात घेतली, पण तिच्यात शहाणपण बरंच आहे. वेदीची मांडणी मुलांनी करावी, वाचन करावं, वाद्यं वाजवावीत, प्रार्थनेसाठी चित्रं स्वतः काढावीत. धर्मगुरूला मुलांशी बोलणं जमत नसेल तर पॅरिशप्रमुखाच्या संमतीनं दुसऱ्या प्रौढानं बोलावं. आणि मुलांना शांतताही द्यावी. हे शेवटचं कलम आपल्याकडं कोणी वाचलेलं दिसत नाही. मुलांची मिस्सा म्हटली की सतत टाळ्या, सतत हावभाव, क्षणाची उसंत नाही.

प्रोटेस्टंट मराठी मंडळींनी वेगळी वाट काढली. अमेरिकन मराठी मिशनच्या साध्या देवळांत कोर नव्हता, लॅटिन नव्हतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिथं भजन आणि कीर्तन रुजवलं. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर ही फार मोठी सोय होती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ध्रुपद धरता येतं, आणि तिसऱ्या आवर्तनाला चार वर्षांचं पोरही टाळ्या वाजवत त्यात असतं. मेस्त्रीच्या शाळेत निवड होती, भजनात कोणीच गळत नाही. उलट, सूर पक्का करण्याचा धाकही नाही. कोणती वाट बरी, असं विचाराल तर मी भजनानं मुलांना आत घ्यावं आणि मेस्त्रीकडं सोपवावं म्हणेन.

पण मेस्त्री आहे कुठं? गावकरीचं उत्पन्न आटलं, पॅरिश शाळा मागं पडल्या. १९५२ साली पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली, संगीत चर्चच्या आवारातून शहरातल्या वर्गात गेलं. तिथं शिकलेलं पोर परीक्षा देतं, प्रमाणपत्र आणतं. रविवारी कोरावर चढेलच असं नाही. चर्चच्या हिशेबाच्या वहीत ध्वनिक्षेपकाचा खर्च एका बैठकीत मंजूर होतो. मुलांना आठवड्यातून तीन संध्याकाळी सूर शिकवणाऱ्या माणसाला मात्र ‘सेवा म्हणून करा’ असं सांगतात. आणि मग नाताळच्या आधी पंधरा दिवस पंखांची मापं घेतली जातात.