अक्षय्य तृतीया आणि वाळवणाचे मर्म

वैशाख शुद्ध तृतीयेस आपण अक्षय्य तृतीया म्हणतो. 'अक्षय' म्हणजे ज्याला क्षय नाही ते आणि 'अक्षय्य' म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही ते. हा सूक्ष्म भेद पाणिनीने एका लहानशा सूत्रात सांगून ठेवला आहे. याच दिवसांत घरोघरच्या गच्च्यांवर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस उन्हात पसरलेला असतो. क्षय पावणाऱ्या अन्नाला अक्षय करण्याचाच हा उद्योग नव्हे काय?

मागे चैत्रात भिवंडीस एका घरी आमचे कीर्तन झाले. प्रसादानंतर घरच्या माउलींनी एक शंका विचारली. त्यांची लेक अमेरिकेत असते. अन्न गोठवून वाळविण्याचे घरगुती यंत्र तिने घेतले आहे आणि त्यात वाळविलेला भात, उसळ वर्षानुवर्षे टिकते असे ती कळविते. ते ऐकून माउलींनी उपवासाची खिचडी आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात महिनाभर ठेवली आणि मग डब्यात भरून फळीवर ठेवून दिली. श्रावणी सोमवारी डबा उघडला, तो बुरशीने भरलेला! "बुवा, अन्न टाकावे लागले हो. आमचे चुकले कोठे? आणि लेक खाते ते अन्न ताजे म्हणावे की शिळे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देवघरातच आहे. आरतीच्या कापराची वडी डबीत ठेवली तर दिवसेंदिवस लहान होत जाते, पण डबीत पाण्याचा थेंबही सापडत नाही. घनरूपातून ती थेट वायुरूपात जाते. यालाच शास्त्रात संप्लवन म्हणतात. बर्फाचेही असेच होऊ शकते. मात्र त्यासाठी हवेचा दाब नेहमीच्या दाबाच्या दीडशेव्या हिश्शाहूनही खाली न्यावा लागतो. त्या यंत्रात अन्न प्रथम शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत गोठवितात. मग पंपाने हवा काढून घेतात आणि तबके हळूहळू ऊबदार करतात. अन्नातील बर्फ वाफ होऊन निघून जातो व थंड भिंतीवर पुन्हा गोठतो. दीड-एक दिवसाने मागे उरते ते हलके, सच्छिद्र अन्न. त्याचा आकार व रंग बव्हंशी तसाच राहतो. घरच्या फ्रीजमध्ये पाणी गोठते, पण जात नाही. बाहेर काढताच ते वितळते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. माउलींचे चुकले ते इतकेच.

ही विद्या पाश्चात्त्यांची नवी करामत आहे असेही नव्हे. आपल्या उपवासाचा बटाटा ज्या दक्षिण अमेरिकेतून आला, तेथील अँडीज पर्वतातले लोक शेकडो वर्षे बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवून, तुडवून, दिवसाच्या उन्हात वाळवीत आले आहेत. जपानात कोया पर्वतावरील बौद्ध मठांच्या परिसरात सोयाबीनचे पनीर कडाक्याच्या थंडीत गोठवून वाळविण्याची प्रथा पडली. आम्हांस हिम नाही, पण वैशाखाचे ऊन आहे. छत्रपती संभाजीनगर भागातील शेतकरी महिलांना सौर वाळवणयंत्रे पुरविणाऱ्या एसफॉरएस टेक्नॉलॉजीज या उद्योगास २०२३ साली जागतिक अर्थशॉट पुरस्कार लाभला, तो याच सूर्यप्रसादाचा सन्मान होय.

आता दुसरा प्रश्न, ताज्या-शिळ्याचा. रात्र उलटलेल्या अन्नास शास्त्रकार 'पर्युषित' म्हणतात आणि ते वर्ज्य मानतात. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तूपतेल घातलेले पदार्थ, जव-गव्हाचे पदार्थ आणि दुधाचे विकार यांना अपवाद केला आहे. म्हणजे केवळ काळ लोटला म्हणून अन्न शिळे होत नाही; ते विकृत झाले की नाही, हेही शास्त्र पाहते. अन्नात जंतूंना वापरता येईल इतके पाणीच उरले नाही, तर ती विकृती थांबते.

थांबते, नष्ट होत नाही, ही येथील मेख आहे. क्षयाची बीसीजी लस याच रीतीने वाळवून ठेवतात, कारण तिच्यातील जंतू तसे टिकून राहतात! तेव्हा सकाळचे अन्न दिवसभर उघडे ठेवून रात्री यंत्रात घातले, तर ते आपल्या शिळेपणासह टिकेल आणि पाणी घालताच तो शिळेपणा पुन्हा जागा होईल. म्हणून जे वाळवावयाचे ते नैवेद्यासारखे ताजे व स्वच्छ हवे. पाणी घातल्यावर ते शिजविलेल्या अन्नाप्रमाणे त्याच वेळी संपवावे. तूपतेलाचे पदार्थ या यंत्रास मानवत नाहीत; लाडू, पुरणपोळी त्यात घालू नये. स्निग्धांश सुकत नाही आणि कालांतराने खवट होतो.

यंत्राची किंमत लाखाच्या पुढे, म्हणून बहुतेक घरांनी उन्हाचाच आश्रय करावा. नियम मात्र तेच. भिवंडीत यंत्रमागांच्या सुताची तुसे उडतात, तेव्हा वाळवणावर मलमल पसरावी. कीस कडकडीत मोडेपर्यंत वाळवावा. डब्यात भरण्यापूर्वी तो पूर्ण निवू द्यावा, नाहीतर आतच घाम धरतो. मोठ्या डब्याऐवजी लहान लहान बरण्या कराव्यात; पावसाळ्यात डबा जितक्या वेळा उघडावा, तितकी दमट हवा आत शिरते. गोठवून वाळविलेले अन्न तर याहूनही तहानलेले. त्यास हवाबंद, प्रकाश न शिरणारे पाकीटच हवे.

वनपर्वात सूर्याने युधिष्ठिरास जी थाली दिली, ती अक्षय्य होती. पण द्रौपदीचे भोजन झाले की त्या दिवसापुरती तीही रिती होई. अतिथी आणि घरची मंडळी जेवून मगच ती जेवत असे. वाळवणाच्या बरणीचाही हाच धर्म आहे. ती अडीअडचणीच्या दिवसासाठी, आल्यागेल्यासाठी आणि परदेशी राहणाऱ्या लेकीच्या घासासाठी भरावी. या तृतीयेस उदककुंभाचे दान कराल, तेव्हा त्याच्याबरोबर शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या जिवास एक बरणी द्या. आषाढाच्या झडीत, बाजारास जाणे होणार नाही अशा दिवशी, ती उघडली जाईल.