बोरघाट लोहमार्ग

बोरघाट लोहमार्ग : मुंबई–पुणे लोहमार्गाचा सह्याद्रीतील बोरघाटातून जाणारा, कर्जत व लोणावळा यांना जोडणारा भाग. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने तो १८५६–६३ या काळात बांधला. मूळ मार्गाची लांबी सु. २५·५ किमी. असून तेवढ्या अंतरात तो सु. ५५८ मी. उंची गाठीत असे.

मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. परंतु घाट ओलांडल्याखेरीज देशावरील कापूस मुंबई बंदरात रेल्वेने आणणे शक्य नव्हते. खंडाळा–पुणे भाग १८५८ मध्ये खुला झाला. खालच्या बाजूस गाडी खोपोलीपर्यंत येई. मधला घाट उतारूंना पालखीतून, तट्टावरून वा बैलगाडीने पार करावा लागे.

मार्गाची आखणी जेम्स जॉन बर्कली या मुख्य अभियंत्याने केली. लोखंडी चाक व रूळ यांतील घर्षण अल्प असल्याने रेल्वेला रस्त्याइतका तीव्र चढ चालत नाही. येथील कमाल चढ ३७ मी. अंतरास १ मी. होता व तोही त्या काळी धाडसाचाच मानला गेला. वळणास जागा नसल्याने खंडाळ्याखाली दिशापालट स्थानक ठेवावे लागले. तेथे गाडी थांबवून एंजिन दुसऱ्या टोकास जोडीत व पुढचा चढ ती उलट दिशेने चढे. मार्गावर २५ बोगदे (एकूण लांबी सु. ३·६ किमी.) आणि दऱ्यांवरील ८ मोठे पूल होते. त्यांपैकी माहूकीमळी येथील पूल १८६७ मध्ये कोसळला.

खरी किंमत मोजली ती मजुरांनी. कठीण बेसाल्ट खडकात हातपहारीने छिद्रे पाडून ती सुरुंगाच्या दारूने उडवीत. उभ्या कड्यांवर मजुरांना दोरांनी खाली सोडीत. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे. १८६१ मध्ये मजुरांची संख्या सु. ४२,००० पर्यंत पोहोचली होती. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगल झाली. त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट पुरे केले. मजुरांच्या वस्त्यांत पटकी वारंवार उद्‌भवे. रोग व अपघात मिळून सु. २५,००० माणसे दगावली असावीत, असा इतिहासकारांचा एक अंदाज आहे. बर्कलीचे नाव ग्रंथांत राहिले, या माणसांची नावे राहिली नाहीत. घाटातील वाट दाखविणारा धनगर म्हणून लोकपरंपरेत शिंग्रोबाची कथा सांगतात. त्याचे देऊळ जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर आहे.

दिशापालट स्थानक १९२९ मध्ये नव्या बोगद्यांच्या मार्गामुळे रद्द झाले व लगेच विजेवरील गाड्या सुरू झाल्या. चढ मात्र कायम असल्याने कर्जतहून वर जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना आजही मागून साहाय्यक एंजिने जोडावी लागतात.