हवामानाचा इशारा आणि घरची बेगमी

मेळघाटातील सेमाडोह हे गाव सिपना नदीच्या खोऱ्यात, सागवानी जंगलाच्या कुशीत वसले आहे. परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता याच गावावरून जातो. पावसाळ्यात सिपनेला व तिला मिळणाऱ्या नाल्यांना पूर आला म्हणजे या रस्त्यावरील वाहतूक खोळंबते, आणि आडरानातील लहान गावांचा संपर्क तर पार तुटतो. नेमक्या याच दिवसांत कोरकू शेतकऱ्याच्या घरातील मागल्या हंगामाचे धान्य संपत आलेले असते, नवे पीक अद्याप शेतात उभे असते व मजुरीही तुटपुंजी असते. अशा वेळी पेरणी वाया गेली अथवा साठवणीतले धान्य भिजले, तर होणारी हानी त्या एका हंगामापुरती राहत नाही. पोटासाठी बियाणे मोडले जाते, नव्या बियाण्यासाठी कर्ज काढावे लागते आणि ते फेडण्यासाठी सुगीचा माल खळ्यावरूनच विकावा लागतो. पुढल्या आषाढात तीच टंचाई पुन्हा दारात उभी राहते. संकटानंतर मिळणारी मदत कितीही मोलाची असली तरी हे चक्र तिने तुटत नाही. कारण ती हाती येईपर्यंत बियाणे खाऊन झालेले असते.

संकट दिसण्यापूर्वीच हालचाल करण्याची कल्पना या भागाला अगदी नवी आहे असे नाही. संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांत पावसाळ्यापूर्वीच स्वस्त धान्य पोहोचते करावे, ही तरतूद १९९५ साली सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेत आहे. नदीला पूर येणार हे ठाऊक असताना धान्याची गाडी पुरानंतर पाठविण्यात अर्थ नाही, इतका सरळ विचार तिच्यामागे आहे. बांगला देशात २०२० च्या जुलै महिन्यात याच विचाराचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला. ब्रह्मपुत्रेच्या महापुराचा अंदाज येताच, पाणी शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी काठावरील कुटुंबांना रोख रक्कम, जनावरांसाठी खाद्य आणि बियाणे व अवजारे सुरक्षित ठेवण्यासाठी घट्ट झाकणाची पिंपे दिली. पिंप ही वस्तू साधीच. पण पूर ओसरल्यावर ती दिली असती तर तिच्यात ठेवावयास काय उरले असते?

इशाऱ्याचा उपयोग होण्यासाठी कोणता इशारा किती दिवस आधी मिळतो आणि तेवढ्या दिवसांत कोणते काम उरकते, याचा मेळ घातला पाहिजे. भारतीय हवामानखाते एप्रिलच्या मध्याला मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते व मे महिन्याच्या अखेरीस तो सुधारून देते. हा अंदाज विस्तृत प्रदेशाचा असतो. त्यावरून सेमाडोहच्या एखाद्या शेतात किती पाऊस पडेल हे सांगता येत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. शिवाय हंगामात मोठे खंड पडू शकतात. २०२३ चा ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणून या अंदाजाचा उपयोग पिकांची वाटणी ठरविण्यापुरताच करावा. पाऊस कमी राहण्याचा संभव सांगितला असेल, तर सारी जमीन एकट्या सोयाबीनखाली न घालता त्यात तुरीचे आंतरपीक घ्यावे आणि उताराच्या हलक्या जमिनीत कोदो, कुटकी व सावा यांना जागा ठेवावी. सोयाबीनला हेक्टरी सुमारे ७५ किलो बियाणे लागते, तर कुटकीला दहा किलो किंवा त्याहूनही कमी पुरते. दुबार पेरणीची पाळी आलीच, तर या फरकाचे महत्त्व पटते. शिवाय टरफलासह नीट वाळवून ठेवलेली कोदो-कुटकी कित्येक वर्षे टिकते. मेळघाटातील जुन्या पिढीने ही पिके राखली ती काही केवळ सवयीने नव्हे.

बियाण्याची उगवणशक्ती मे महिन्यातच तपासावी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व आठवड्याने उगवलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे सत्तरांहून कमी दाणे उगवले, तर बियाणे बदलण्यास वा प्रमाण वाढविण्यास अजून अवधी असतो. जूनच्या मध्याला तो उरत नाही.

पेरणीची वेळ हा सर्वांत नाजूक प्रश्न होय. मृगाची पहिली सर जमिनीचा वरचा थर भिजविते, दाणा फुगतो, मोड येतो, आणि मग आठ-दहा दिवस उघडीप पडली की उथळ जमिनीतील तो कोंब करपून जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, ही कृषिखात्याची शिफारस याच अनुभवावर आधारलेली आहे. हवामानखाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज देते, आणि मंगळवारी व शुक्रवारी पाच दिवसांच्या अंदाजासह जिल्हावार कृषिसल्ला प्रसिद्ध होतो. पुरेसा पाऊस झाला असून पुढेही पावसाची चिन्हे असतील तरच तिफण बाहेर काढावी. शेजाऱ्याने पेरले म्हणून आपणही पेरावे, हा मोह मात्र हवामानखात्याच्या चुकीपेक्षाही महाग पडतो.

अंदाज चुकतात, ही तक्रार खोटी नाही. डोंगराळ मुलखात एका दरीत धो धो पाऊस तर दुसरीत ऊन, असे नेहमीच घडते. पण त्यावर उपाय अंदाजाकडे पाठ फिरविणे हा नसून कामांची दोन भागांत विभागणी करणे हा होय. खत देणे वा फवारणी दोन दिवस पुढे ढकलणे, शेतातील पाण्याला वाट काढून देणे, सुडीवर ताडपत्री ओढणे, धान्याच्या कोठ्या जमिनीपासून उंच ठेवणे ही कामे पाऊस न आला तरी वाया जात नाहीत. ती नुसत्या संशयावरून करावीत. पेरणी लांबविणे किंवा पीक थोडे आधी कापणे यांत मात्र काही गमवावे लागते. तेथे पहिला अंदाज दुसऱ्या अंदाजाशी ताडून मगच निर्णय घ्यावा.

इशाऱ्यातील शब्दांना ठरलेली मापे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार व त्यापुढे २०४.४ पर्यंतच्या पावसाला अति मुसळधार म्हणतात. नारिंगी वा तांबडा इशारा असेल त्या दिवशी गावावर आकाश निरभ्र असले तरी जनावरे नाल्यापलीकडे चरावयास सोडू नयेत. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस काही वेळातच खाली पात्रात उतरतो. विजांसाठी दिला जाणारा इशारा तर थोड्याच वेळाचा असतो. तो मिळताच शेत सोडून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये.

सुगीच्या वेळचा इशारा कोदोच्या बाबतीत विशेष गंभीरपणे घ्यावा. कापणीच्या सुमारास भिजलेल्या कोदोवर बुरशी वाढून त्यात विष तयार होऊ शकते. २०२४ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती दगावले. बाधित कोदो खाल्ल्याने ते मेले असे तपासणीतून पुढे आले. परतीच्या पावसाचा अंदाज असेल तर पक्व कोदो आधी काढून छपराखाली आणावा व उघडीप मिळताच चांगला वाळवावा. भिजून काळवंडलेला माल खाण्यासाठी ठेवू नये आणि जनावरांनाही घालू नये.

बियाण्याचे धान्य खाण्याच्या धान्यापासून वेगळे, झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळविलेला असावा. स्वस्त धान्याचा साठा मे अखेरपर्यंत गावात आला किंवा नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे. न आल्यास रस्ता चालू आहे तोवरच तहसील कार्यालयाकडे तक्रार नोंदवावी. अनेक पाड्यांत भ्रमणध्वनीची सोय अपुरी आहे. म्हणून मंगळवारचा व शुक्रवारचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा आणि जाणत्या माणसाने तो कोरकू भाषेत समजावून सांगावा. ‘अति मुसळधार’ या शब्दाऐवजी ‘उद्या सांजेला नाला ओलांडता येणार नाही’ असे सांगितले, तर गुरे नाल्याच्या अलीकडेच राहतात.