पळीतला लसूण आणि फुटका कान

गावांत मध्यरात्री लेकरू कान धरून रडायला लागलं, की कुणीतरी पळीत तेल तापवतं, त्यात लसणाची पाकळी तडतडू देतं आणि कोमट झालेले दोन थेंब ठणकणाऱ्या कानात सोडतं.

लसणात जंतुनाशक गुण आहे, हे खरंच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी त्यातून ॲलिसिन वेगळं केलं. पण अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतंच. लसूण ठेचला की पेशी फुटतात, त्यांतलं विकर मोकळं होतं आणि मग ते तयार होतं. ठेचल्यावरचा उग्र दर्प त्याचाच. हे विकर उष्णतेनं निकामी होतं. म्हणजे न ठेचता कडकडीत तेलात टाकलेल्या पाकळीतून ॲलिसिन फारसं हाती लागत नाही.

तरी आराम पडतो तो कसा? इस्रायलमधल्या डॉक्टरांनी कान दुखणाऱ्या १७१ मुलांवर केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना लसूण आणि इतर वनस्पतींचा तेलातला अर्क दिला, काहींना बधिर करणारे थेंब. तीन दिवसांत सगळ्याच गटांतला ठणका उतरला. मात्र त्यातला सुमारे ८० टक्के उतार नुसत्या काळामुळेच पडला असावा, असं संशोधकांनी स्वतःच नोंदवलं. आजीच्या तेलाला मिळणारं बरंचसं श्रेय सरत्या रात्रीचं असतं.

शिवाय लहान मुलांचा ठणका बहुधा कानाच्या पडद्याआडचा असतो. सर्दीतले जंतू नाकामागच्या नळीतून तिथं पोचतात. पडदा शाबूत असेल तर तेल अलीकडेच थांबतं. फाटलेला असेल तर तेच तेल थेट आत उतरतं, आणि खरी भीती तिथंच आहे.

पडदा फाटून कान वाहत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची सूचना साधी आहे: स्वच्छ सुती कापडाची वात वळून कानात ठेवायची, ओली झाली की नवी घालायची, कान कोरडा होईपर्यंत. दिवसातून किमान तीनदा. मधल्या वेळात कानात काही घालायचं नाही, पोहायला जायचं नाही. डॉक्टरांनी दिलेले थेंब कान असा कोरडा केल्यावरच घालायचे. देवघरातली वात रोज वळणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही; फक्त कापूस नको, त्याचे तंतू कानात राहतात.